कागदावरचे वजन

आठवडी बाजारात तागडी सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. मापात खोट आली तर गिऱ्हाईक तिथल्या तिथे हटकते. विमानाची गोष्ट मात्र निराळी आहे. उड्डाणापूर्वी सबंध विमान काही कोणी काट्यावर चढवीत नाही. रिकाम्या विमानाचे वजन ठराविक मुदतीने करून ठेवलेले असते. त्यात उतारूंचे सरासरी वजन, सामानसुमान आणि इंधन यांची बेरीज घालून आकडा काढतात. वैमानिकाच्या हाती येते ते हे कागदावरचे वजन. विमान मात्र उडते आणि उतरते ते खऱ्या वजनानिशी. या दोहोंत अंतर पडले म्हणजे काय प्रसंग ओढवतो, हे आम्ही आज दोन घटनांच्या आधारे पाहणार आहोत.

तत्पूर्वी उतरण्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. विमानाचा वेग एका मर्यादेखाली गेला की पंखांना हवेचा आधार उरत नाही. विमान जितके जड, तितकी ही मर्यादा वर सरकते. वजनाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात ती वाढते. म्हणून उतरताना वैमानिक त्या मर्यादेहून सुमारे एकचतुर्थांश अधिक वेग राखतो. कागदावर वजन कमी पडले तर ठरवलेला वेग कमी पडतो, आणि विमान जमिनीजवळ असताना आधार सुटण्याची भीती निर्माण होते. उलट वजन जास्त मांडले गेले तर वेगही जास्त ठरतो. दहा टक्के अधिक वेगाने टेकलेल्या विमानाला थांबविण्यासाठी ब्रेकांवर एकवीस टक्के अधिक भार येतो, आणि धावपट्टी अपुरी पडू शकते.

पहिली घटना कॅनडातील आहे. आपल्याकडे 1958 पासून शेर-मण जाऊन किलोग्रॅम आले, तो काळ आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. 1983 साली कॅनडा अशाच स्थित्यंतरातून जात होता. त्या वर्षी 23 जुलै रोजी एअर कॅनडाचे एक नवे बोइंग 767 माँट्रिअलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. इंधनमापक नादुरुस्त असल्यामुळे टाक्यांतील इंधन हाताने मोजले गेले. ते 7,682 लिटर भरले. प्रवासाला 22,300 किलोग्रॅम इंधन हवे होते. लिटरांचे वजन काढताना 1.77 या आकड्याने गुणले. पण हा आकडा एका लिटरचे वजन पौंडांत सांगणारा होता. किलोग्रॅमसाठी तो सुमारे 0.8 हवा होता. उत्तर आले पौंडांत, वाचले गेले किलोग्रॅमांत. परिणामी जेथे वीस हजार लिटर भरायला हवे होते, तेथे पाच हजारही भरले गेले नाही. गुणाकार पुन्हा तपासला गेला, आणि तो बरोबरच निघाला. कारण चूक गुणाकारात नव्हतीच.

41,000 फुटांवर असताना इंधन संपले आणि दोन्ही इंजिने बंद पडली. कप्तान रॉबर्ट पिअरसन यांना बिनइंजिनाची ग्लायडर विमाने चालविण्याचा सराव होता. त्यांनी ते अवजड धूड गिमली येथील हवाई दलाच्या जुन्या तळावर उतरविले. त्या दिवशी तेथे मोटारींच्या शर्यती चालू होत्या आणि मंडळी मुलाबाळांसह जमली होती. पुढचे चाक मोडले, विमान नाकावर घसरत गेले. पण आतील 69 जणांपैकी कोणी दगावले नाही, की बाहेरच्या कोणाला इजा झाली नाही.

दुसरी घटना 20 मार्च 2009 ची, ऑस्ट्रेलियातील मेलबर्नची. एमिरेट्सचे एअरबस ए 340 दुबईला निघाले होते. आत 257 उतारू आणि 18 कर्मचारी होते. उड्डाणाचा हिशेब करणाऱ्या संगणकात 362.9 टनांऐवजी 262.9 टन असा आकडा भरला गेला. एका अंकाच्या चुकीने शंभर टन वजन नाहीसे झाले! संगणकाने त्या खोट्या वजनाला शोभेल असा वेग आणि इंजिनाचा जोर सांगितला. पुढे पडताळणीच्या अनेक पायऱ्या होत्या, आणि खरे वजन इतरत्र नोंदलेलेही होते. परंतु मध्येच व्यत्यय आले, आणि चूक प्रत्येक पायरीवरून सुखरूप पुढे गेली. हे वैमानिक निरनिराळ्या वजनांची विमाने चालवीत. त्यामुळे नेहमी बदलणारे आकडे त्यांना खटकलेही नाहीत.

धावपट्टी संपत आली तरी विमान उचलेना. शेपूट जमिनीवर घासले. कप्तानाने इंजिनांना पूर्ण जोर दिला, तेव्हा कुठे ते कसेबसे वर गेले.

आता परतणे भाग होते. विमान हलके करण्यासाठी इंधन हवेत सोडले गेले, आणि उतरण्याचा हिशेब मांडण्यासाठी कागदपत्रे पुन्हा हाती घेतली, तेव्हा ती शंभर टनांची तफावत वैमानिकांच्या ध्यानात आली. विमान सुखरूप उतरले. कोणालाही इजा झाली नाही. पण क्षणभर विचार करावा. वजन याच प्रमाणात चुकीचे धरून उतरण्याचा वेग काढला असता, तर तो सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी पडला असता. सुरक्षिततेसाठी राखलेल्या त्या एकचतुर्थांशातला मोठा भाग तेथेच संपला असता.

दोन्ही प्रसंगी माणसे अडाणी नव्हती, आळशी नव्हती. त्यांनी तपासणीही केली. पण एकाने लिहिलेला आकडा दुसऱ्याने पुन्हा वाचणे, याला आम्ही पडताळा म्हणत नाही. पडताळा म्हणजे त्याच गोष्टीकडे दुसऱ्या वाटेने जाऊन पोहोचणे: टाकीत किती आहे हे स्वतंत्रपणे मोजणे, दोन ठिकाणी लिहिलेले वजन शेजारी ठेवून पाहणे, आणि आकडा भरण्यापूर्वी तो साधारण केवढा असावा याचा मनाशी अंदाज बांधणे. जुना दुकानदार पोते उचलून पाही आणि मगच तागडीकडे बघे. एवढी सवय त्या दिवशी मेलबर्नला पाळली गेली असती, तर 275 जिवांवरचा प्रसंग धावपट्टीवर जाण्याआधीच टळला असता.