दार आपटलं, पण बाळ जागं झालं नाही



माझ्या धाकट्या जावेची मुलगी दीड वर्षाची होती, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी जाऊ स्वयंपाकघरात मला म्हणाली, "अक्का, कुकरची शिट्टी झाली तरी ही दचकत नाही हो." मी पोळ्या लाटत होते. मान वर न करताच म्हणाले, "अगं, आपल्या घरात सगळे उशिराच बोलतात. तुझे मोठे भावजी तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते." मी घरातली मोठी सून, तिने माझं ऐकलं. कानाची तपासणी झाली ती त्यानंतर वर्षभराने. तेव्हा कळलं, मुलीला जवळजवळ ऐकूच येत नाही. ते एक वर्ष माझ्या नावावर आहे.

म्हणूनच लुईझ ट्रेसी या बाईंची हकिकत वाचताना मला पहिल्याच प्रसंगाला थांबावं लागलं. लुईझ अमेरिकेतल्या रंगभूमीवरच्या अभिनेत्री. त्यांचे पती स्पेन्सर ट्रेसी पुढे हॉलिवूडचे फार मोठे नट झाले. १९२४ साली त्यांना मुलगा झाला, जॉन. तो दहा महिन्यांचा असताना एकदा झोपला होता आणि लुईझच्या हातून दार जोरात आपटलं. बाळ हललंसुद्धा नाही. त्यांनी हाक मारली, पुन्हा मारली. अंगाला हात लावला तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले. त्यांचं दार आणि आमचा कुकर. फरक एवढाच, की त्या आईने आपली शंका झटकून टाकली नाही.

डॉक्टरांनी निदान केलं, पण बहिरेपणावर औषध नव्हतं. आजच्यासारखी छोटी श्रवणयंत्रं नव्हती. मूकबधिरांच्या शाळा होत्या, पण त्या मूल शाळेच्या वयाचं झाल्यावर घेत. मग पहिल्या पाच-सहा वर्षांत आईने काय करायचं? याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. आणि मूल भाषा शिकतं ते नेमकं याच वर्षांत.

लुईझ यांनी रंगभूमी सोडली. मिळेल ते वाचलं, जाणत्यांना विचारलं आणि मुलाला घरीच शिकवायला घेतलं. ओठांकडे बघून शब्द ओळखायचा, एक एक आवाज काढायचा, तोच शब्द शंभर वेळा, हजार वेळा. मध्येच जॉनला पोलिओही झाला. तरी तो शिकला, बोलू लागला, चित्रकला शिकून वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओत काम करू लागला. पुढे त्याची नजरही हळूहळू गेली. बहिरेपणाबरोबर दृष्टीही कमी करणारा अशर सिंड्रोम त्याला होता. लग्न, मूलबाळ, सगळं झालं आणि २००७ साली तो वारला.

पण ही एका आईच्या कष्टाची गोष्ट म्हणून मी सांगत नाही. कष्ट सगळ्याच आया करतात. लुईझ यांचं मोठेपण पुढे आहे. १९४२ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या आवारातल्या एका लहानशा बंगल्यात त्यांनी कर्णबधिर मुलांच्या आयांना एकत्र आणलं. तिथून जॉन ट्रेसी क्लिनिक उभं राहिलं. आधार पतीच्या पैशाचा होता, मंडळावर डिस्ने होते. पण तिथला विचार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांचं म्हणणं असं, की मुलाला आधी शिकवू नका, आधी आईवडिलांना शिकवा. मूल शिक्षकाजवळ दिवसाचे दोन तास असतं, उरलेला सारा दिवस ते घरात असतं. आणि या मदतीसाठी पालकांकडून पैसे घ्यायचे नाहीत.

ज्यांना लॉस एंजेलिसला येणं शक्य नव्हतं, त्यांच्यासाठी १९४३ पासून टपालाने धडे सुरू झाले. आईकडे एक धडा यायचा. तिने तो मुलाबरोबर घरी करायचा, मूल काय करतं ते पत्राने कळवायचं. तिकडून तिच्या मुलापुरतं उत्तर यायचं आणि सोबत पुढचा धडा. हे धडे देशोदेशी गेले.

धड्यांत होतं तरी काय? आपल्या रोजच्या घरातलंच. मुलाशी बोलताना त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, पाठीमागे खिडकी नको. सुटा शब्द नको, पूर्ण वाक्य बोला. त्याला ऐकू येत नाही म्हणून गप्प राहू नका. हे वाचलं आणि आमचं घर आठवलं. निदान झाल्यावर आम्ही सगळे तिच्याशी कमी बोलू लागलो होतो. ऐकूच येत नाही तर बोलायचं कशाला, असं कोणी म्हटलं नाही, पण वागलो मात्र तसंच.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. १८८० साली इटलीत मिलान इथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. मुलांना फक्त तोंडी भाषा शिकवावी, खुणांची भाषा नको, असा ठराव तिथे झाला आणि अनेक देशांतल्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. लुईझ यांचं कामही बोलण्यावरच उभं होतं. ज्यांना बोलणं जमलं नाही, अशा कित्येक मुलांना मग कुठलीच भाषा धड मिळाली नाही. खुणांची भाषा ही व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे, हे विल्यम स्टोकी यांनी १९६० साली मांडलं. आपल्याकडे २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत राष्ट्रीय केंद्र निघालं. यंत्र, ऑपरेशन की खुणा, हे तज्ज्ञांना विचारून प्रत्येक घराने ठरवावं. भाषेशिवाय मात्र मूल ठेवू नये.

भारतात पाहिलं तर मुंबईत कर्णबधिरांची शाळा एकोणिसाव्या शतकातच निघाली. पण आईला वर्गात बसवण्याचा विचार बराच नंतर आला. चेन्नईचं बाल विद्यालय १९६९ साली सुरू झालं. तिथे लहानग्याबरोबर आईही येते, शिकते आणि फी घेतली जात नाही. १९८३ साली वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था झाली. तिथे तपासणीबरोबर पालकांना मार्गदर्शनही मिळतं.

आईला आधी शिकवा, हे आपल्या समाजाला नवीन नाही. मुंबईत मगनबाईंनी आणि सोलापुरात सुमतीबाई शहांनी श्राविकांसाठी जे उभं केलं, त्यामागे हाच विचार होता. तरीही अशा मुलाच्या आईला आपण बस्तीत गाठून काय म्हणतो? "काय गं हा कर्माचा उदय!" मी स्वतः हे जावेला म्हणताना बायकांना ऐकलंय. कर्माचा सिद्धांत आपल्याला पुरुषार्थ करायला सांगतो, दुसऱ्याच्या लेकराकडे बोट दाखवायला नाही. चार दानांत ज्ञानदान आहे. त्या आईला तपासणीला सोबत करणं, तिचं दुसरं मूल दोन तास सांभाळणं, हेही मी त्यातच धरते.

आता नवजात बाळाच्या कानाची तपासणी काही मिनिटांत होते. बाळ झोपलेलं असतानाच होते, दुखत नाही. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असं तज्ज्ञ सांगतात. बाळंतपणाच्या यादीत डिंक, खारीक, बाळाची टोपी लिहिता ना? त्यात हेही लिहा.

आमची छकुली आता आठवीत आहे. यंत्र लावते, बोलते, हातांनीही बोलते. णमोकार मंत्र तिच्या आईने तिला आरशासमोर बसवून शिकवला. परवा मी पाठमोरी पोळ्या लाटत काहीतरी सांगत होते. ती आली, माझा खांदा धरून मला वळवलं आणि म्हणाली, "मोठी आई, आता बोल."

मी गॅस बंद केला आणि तिच्याकडे तोंड करून बसले.