शोभादर्शकाचे खूळ : एक कारणमीमांसा

एखादी क्षुल्लक वस्तू अकस्मात लोकप्रिय झाली की तिचे कारण लोकांच्या मूढतेत शोधण्याचा प्रघात जुना आहे. चार्ल्स मॅके याच्या समूहभ्रमांवरील १८४१ च्या ग्रंथाने तो अधिकच दृढ केला. तथापि मूढता सर्वकाळी असते; मग विशिष्ट वस्तूच विशिष्ट काळी का पसरावी, याचा उलगडा तिने होत नाही. या दृष्टीने शोभादर्शकाचे, म्हणजे कॅलिडोस्कोपचे, उदाहरण विचारार्ह आहे.

स्कॉटिश पदार्थविज्ञानवेत्ता डेव्हिड ब्रूस्टर (१७८१–१८६८) हा प्रकाशाच्या ध्रुवीकरणाविषयी प्रयोग करीत असता परावर्तनातून उद्भवणाऱ्या सममित आकृतींकडे त्याचे लक्ष वेधले. त्यातून सिद्ध झालेल्या उपकरणाचे पेटंट त्याने १८१७ मध्ये घेतले. परंतु विक्रीसाठी पुरेसे नग तयार होण्यापूर्वीच त्याचा एक नमुना लंडनमधील काही दृक्साधन-विक्रेत्यांच्या दृष्टीस पडला आणि नकलांचा सुळसुळाट झाला. तीन महिन्यांत लंडन व पॅरिस येथे दोन लाख नग खपले आणि त्यांपैकी जेमतेम एक हजार शास्त्रशुद्ध होते, असे त्याचे म्हणणे होते.

पहिला आकडा सावधपणे घ्यावयास हवा. तो सांगणारा स्वतःच हानी सोसलेला होता. दुसरे विधान अधिक उद्‌बोधक आहे. आकृती निर्दोष दिसण्यासाठी दोन आरशांमधील कोनाने ३६० अंशांस भागिले असता सम संख्या यावी लागते. नकला करणाऱ्यांनी हे पथ्य पाळले नाही, तरीही ग्राहक हटला नाही. यावरून शास्त्रीय अचूकता हे या मागणीचे कारण नव्हते, हे स्पष्ट होते.

मागणीची कारणे वस्तूच्या घडणीतच आढळतात. एक नळी, काचेच्या दोन पट्ट्या आणि रंगीत काचांचे तुकडे एवढ्या सामग्रीवर सामान्य कारागिरास ती करता येई. ती वापरण्यास अक्षरज्ञान नको, शिक्षण नको. शिवाय ती एका हातातून दुसऱ्या हाती सहज जाई. त्यामुळे विकली गेलेली प्रत्येक नळी पुढील ग्राहकास वस्तूची ओळख करून देई.

पेटंटचे संरक्षण परिणामकारक ठरते, तर उत्पादन थोड्या हाती राहिले असते, किंमतही चढी राहिली असती आणि हे खूळ बहुधा सुखवस्तू वर्गापुरतेच मर्यादित झाले असते. संशोधकाची हानी आणि वस्तूचा प्रसार ही एकाच घटनेची दोन अंगे होत. या उपकरणाचा उपयोग गालिचे व अन्य शोभेच्या वस्तूंचे आराखडे करणाऱ्यांना होईल, अशी ब्रूस्टरची अपेक्षा होती. लोकांनी त्यात केवळ रंजन पाहिले. त्या रंजनास मूढता म्हणणे हा उत्तरकालीन अभ्यासकाचा अभिप्राय झाला, कारण नव्हे. यास्तव लोक का भुलले असे विचारण्याआधी ती वस्तू कोणास करता येत होती, कोणत्या किमतीस मिळत होती आणि कोणाच्या हातून पसरत होती, हे तपासणे इतिहासकाराचे पहिले कर्तव्य ठरते.