फाइल नुसती वाचली, तरी डिस्कवर लिहायचं?

आजची गोष्ट एका बारीकशा नोंदीची.

समजा, डाळजमधली जमीन विकली गेली. फेरफार होतो, सातबाऱ्यावर नाव बदलतं. ठीक आहे. पण कुणी सातबारा नुसता पाहिला, तरी 'आज इतक्या वाजता पाहिला' असं दप्तरात लिहायचं ठरलं तर? तलाठी दिवसभर तेच लिहीत बसतील ना!

युनिक्समध्ये नेमकं हेच चालायचं. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये जन्मलेली ही प्रणाली. तिच्यात प्रत्येक फाइलच्या तीन वेळा ठेवायची पद्धत रुळली. एमटाइम म्हणजे मजकूर शेवटचा कधी बदलला. सीटाइम म्हणजे मालक, परवानगी असा तपशील कधी बदलला. पुष्कळजण याला फाइल तयार झाल्याची वेळ समजतात, तसं नाही. आणि एटाइम म्हणजे शेवटची कधी वाचली.

एटाइम अगदीच बिनकामाचा नव्हता. टपालपेटीची फाइल वाचल्यानंतर बदलली असेल, तर नवीन मेल आलाय हे कळायचं. पण त्यापायी प्रत्येक वाचनामागे एक लिहिणं लागलं. हजार फाइली वाचा, हजार नोंदी बदलणार.

नोंद पूर्ण बंद करणारा नोएटाइम पर्याय होता, पण त्यानं काही मेल प्रोग्रॅम गोंधळायचे. मग २००७ च्या सुरुवातीला, लिनक्स २.६.२० मध्ये, मधला मार्ग आला: रेलाटाइम. जुना एटाइम फाइलच्या शेवटच्या बदलाआधीचा असेल, तरच नवा लिहायचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंगो मोल्नार यांनी ठणकावून सांगितलं, की लिनक्सचा वेग खाणारी सर्वात मोठी गोष्ट एटाइम आहे. शेवटी जून २००९ च्या २.६.३० मध्ये रेलाटाइम आपोआप लागू झाला. सोबत एक सवलतही आली: नोंद २४ तासांपेक्षा जुनी असेल, तर वाचताना ती ताजी करायची.

आपल्याला काय त्याचं? तुमच्या अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे. फोनमधली फ्लॅश मेमरी ठरावीक वेळाच पुसून लिहिता येते, म्हणून तिथं डेटाचा भाग सहसा नोएटाइमनं जोडलेला असतो. फुकटचं लिहिणं वाचतं.

आणि एक लक्षात ठेवा. 'ही फाइल तू काल उघडलीच नाहीस, वेळ बघ' असं कुणी म्हणालं, तर लगेच मान खाली घालू नका. उघडली असेल, पण नोंद झालीच नसेल!

भेटू पुढच्या भागात.