यॉर्कचा तट आणि पिवळी फुले



इंग्लंडच्या उत्तर भागात ऊझ नदीच्या काठी यॉर्क नावाचे एक पुरातन शहर आहे. लंडनहून आगगाडीने सुमारे दोन तासांची वाट. स्टेशनाबाहेर पाऊल टाकले की समोरच शहराचा दगडी तट दिसतो. मार्चअखेर गेलात, तर तटाखालचा गवताळ उतार पिवळ्या फुलांनी नुसता भरून गेलेला असतो.

ही फुले डॅफोडिलची. आपल्या निशिगंधासारखा याचाही कंद असतो. हिवाळाभर तो जमिनीत दडून राहतो आणि थंडी सरू लागली की कोंब वर काढतो. देठाला एक फूल. भोवती सहा पाकळ्या आणि मध्ये कर्ण्याच्या तोंडासारखा पेला. तिकडच्या हिवाळ्यात चार वाजले की दिवस मावळतो. असे महिने काढलेल्या माणसांना या पिवळ्या रंगाचे केवढे अप्रूप वाटत असेल!

आता हा तट कोणाचा, ते पाहू. इ. स. ७१ च्या सुमारास रोमन सैन्याने येथे ठाणे वसवले व त्याला एबोराकम हे नाव दिले. पुढे ३०६ साली कॉन्स्टंटाइनला सैनिकांनी सम्राट म्हणून पुकारले, ते याच गावी. ८६६ मध्ये डेन्मार्ककडच्या दर्यावर्दी लोकांनी शहर जिंकले. त्यांची भाषा अजून गल्ल्यांच्या नावांत टिकून आहे. गंमत अशी की, येथे रस्त्याला ‘गेट’ म्हणतात आणि वेशीला ‘बार’! आजचा दगडी तट मुख्यतः तेराव्या-चौदाव्या शतकातला. त्याची लांबी सुमारे दोन मैल भरते.

पण हा तट जवळजवळ गेलाच होता, बरे का. १८०० साली खुद्द नगरपालिकेनेच तो पाडण्यासाठी पार्लमेंटकडे परवानगी मागितली. डागडुजीचा खर्च परवडेना, वेशी अरुंद पडू लागल्या. गावात विरोध झाला. तरीही काही भाग पडलाच. वेशींपुढची दगडी आवारे चारांपैकी तीन ठिकाणी काढून टाकली. वॉमगेट बारचे तेवढे उरले. पुढे विल्यम एटी या चित्रकाराने लोकांना पुन्हा जागे केले. तो यॉर्कच्याच एका पाववाल्याचा मुलगा. लोकांनी वर्गण्या जमवल्या, तट दुरुस्त होऊ लागला आणि हळूहळू वरून फिरण्याची वाट खुली झाली.

त्या वाटेने मी एका सकाळी हिंडलो. नुकतीच सर येऊन गेली होती, दगड ओले होते. एका अंगाला घरांची परसे, धुराडी आणि त्यांच्यावर उठलेले मिन्स्टर या भव्य चर्चचे मनोरे. दुसऱ्या अंगाला वाऱ्यावर डोलणारी फुले. अशी सकाळ माणूस विसरत नाही.

दुपारी क्लिफर्ड टॉवर पाहिला. उंच मातीच्या टेकाडावर हा दगडी बुरूज आहे आणि टेकाडाच्या उतारावर पुन्हा तीच फुले. पायथ्याशी १९७८ साली बसवलेला एक शिलालेख आहे. तो वाचला आणि पाय तेथेच थांबले.

मार्च ११९० मध्ये शहरातल्या ज्यू लोकांवर जमाव चालून गेला. चिथावणी देणाऱ्यांत त्यांचेच ऋणको असलेले सरदार होते. सुमारे दीडशे माणसे, बायकामुलांसह, राजाच्या किल्ल्यातील बुरुजात आश्रयाला गेली. तो बुरूज तेव्हा लाकडी होता. सुटका नाही असे दिसताच १६ मार्चच्या रात्री बहुतेकांनी स्वतःच मरण पत्करले. बुरूज पेटला. अभय मिळेल या भरवशावर जे बाहेर आले, त्यांनाही मारले. मग जमाव मिन्स्टरमध्ये गेला आणि तेथे ठेवलेले कर्जरोखे त्याने जाळले. हे सारे कशासाठी चालले होते, ते या एका गोष्टीवरून ध्यानात येते.

या टेकाडावरची फुले त्या माणसांची आठवण मानली जातात. ती नेमकी त्या दिवसांच्या सुमारास फुलतात, आणि त्यांच्या सहा पाकळ्यांत पाहणाऱ्याला ज्यू लोकांचा षट्कोनी तारा दिसतो.

तेव्हा एकाच फुलाने यॉर्कमध्ये दोन आठवणी जपल्या आहेत. तटाखाली ते गावकऱ्यांनी वाचवलेल्या ठेव्याची शोभा आहे. बुरुजाखाली ते गावकऱ्यांच्या हातून झालेल्या पापाची खूण आहे. शिक्षक मित्रांना मी एवढेच सुचवीन की, मुलांना इतिहास सांगताना पहिली गोष्ट अभिमानाने सांगावी, पण दुसरी गाळू नये. डॅफोडिलचे फूल गळाले तरी जाणता माळी त्याची पाने लगेच कापत नाही. पाने हिरवी असतात तोवर कंद पोसला जातो, आणि तो पोसला तरच पुढच्या वसंतात फूल येते. गावाच्या आठवणीचेही तसेच आहे.