परवान्याची अट आणि राउटरमधील लिनक्स

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये सिद्ध केलेला जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजेच जीपीएल हा परवाना, प्रताधिकाराच्या कायद्यावरच उभा आहे. सॉफ्टवेअर कोणीही वापरावे, बदलावे आणि विकावेही. मात्र ते, किंवा त्यावर बेतलेले दुसरे सॉफ्टवेअर, इतरांच्या हाती देताना त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येणारे मूळ लेखन, त्याच अटींवर द्यावा, असा या परवान्याचा गाभा आहे. नेक्स्ट कंपनीला जीपीएलखालील जीसीसी या कंपायलरला जोडलेला ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेचा भाग बंदिस्त ठेवायचा होता, पण स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या आग्रहामुळे तो खुला करावा लागला.

या अटीची खरी कसोटी लागली ती घरोघरी पोहोचलेल्या यंत्रांत. सिस्कोने मार्च २००३ मध्ये सुमारे ५० कोटी डॉलरच्या समभागांच्या मोबदल्यात लिंक्सिस ही कंपनी घेण्याचे जाहीर केले, आणि त्यानंतर काही महिन्यांतच तिच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रातच भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, जीपीएलखालील लिनक्स असल्याचे जाणकार ग्राहकांनी उघडकीस आणले. चिप ब्रॉडकॉमची, फर्मवेअर तैवानच्या सायबरटॅनचे आणि खोक्यावरचे नाव लिंक्सिसचे, अशा या साखळीत परवान्याची जबाबदारी मात्र विकणाऱ्यापर्यंत येऊन पोहोचत होती. पुरवठादाराने काय वापरले हे ठाऊक नसणे हा बचाव ठरू शकत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण ज्यांच्या श्रमांवर नफा मिळतो त्यांचे म्हणणे विकणाऱ्याने ऐकलेच पाहिजे. त्याच वर्षी सोर्स कोड प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या आधारे २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. ज्या यंत्राच्या अंतरंगात ग्राहकाला हात घालता येत नव्हता, ते त्याला आपल्या गरजेप्रमाणे घडवता येऊ लागले.

तरीही परवाना न्यायालयात टिकेल का, ही शंका उरलीच होती. लिनक्समधील नेटफिल्टर या भागाचे एक लेखक हाराल्ड वेल्टे यांनी नेदरलँड्सच्या साइटकॉम कंपनीच्या जर्मन शाखेविरुद्ध एप्रिल २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवला आणि १९ मे रोजी तो कायम झाला. अट मोडली की वितरणाचा हक्कच संपतो, ही परवान्यातील तरतूद तेथे ग्राह्य ठरली. अमेरिकेत असा पहिला दावा २००७ मध्ये जीपीएलखालील बिझीबॉक्स या सॉफ्टवेअरच्या लेखकांनी मॉन्सून मल्टिमीडियाविरुद्ध दाखल केला. तो काही आठवड्यांतच तडजोडीने मिटला, आणि त्या तडजोडीनुसार कंपनीने सोर्स कोड प्रसिद्ध करण्याबरोबरच परवान्यांचे पालन पाहण्यासाठी एक स्वतंत्र अधिकारी नेमण्याचेही मान्य केले.