काजळी जाते कुठे? बोरघाट आणि ईजीआर व्हॉल्व्हची गोष्ट

आजचा एपिसोड डिझेल गाडीवाल्यांसाठी आहे. आणि ज्यांच्याकडे गाडी नाही, पण जे कर्जत-खालापूरच्या हवेत श्वास घेतात, त्यांच्यासाठीही आहे.

चार-पाच वर्षं डिझेल गाडी वापरलेल्या कुणालाही विचारा. एक दिवस पिकअप कमी होतो. सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते. डॅशबोर्डवर इंजिनचं पिवळं चिन्ह पेटतं. मेकॅनिक स्कॅनर लावतो आणि सांगतो, "दादा, ईजीआर चोक झालाय." मग दोन पर्याय ऐकायला मिळतात: एक, काढून साफ करू. दोन, प्लेट मारून कायमचा बंद करू. दुसरा पर्याय ऐकायला बरा वाटतो, कारण परत कटकटच नको. पण या दोन पर्यायांमागे बराच मोठा इतिहास आहे, आणि त्यातला काही आपल्या बोरघाटातच घडलाय.

आधी हा व्हॉल्व्ह करतो काय, ते बघू. ईजीआर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचा काही भाग परत इंजिनात पाठवायची सोय. ऐकायला विचित्र वाटतं ना? एकदा जळून बाहेर आलेला वायू परत आत कशाला? तर हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो शांत असतो. पण इंजिनात तापमान फार वाढलं की तो ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड, म्हणजे नॉक्स तयार होतो. ताज्या हवेत थोडा जळका वायू मिसळला की ऑक्सिजन कमी पडतो, आग जरा थंड जळते आणि नॉक्स कमी होतो. एवढंच साधं गणित. पण त्याची किंमत आहे. त्या धुरात काजळी असते, इंजिनातून येणारी तेलाची वाफ तिला भेटते, आणि दोघींचा डांबरासारखा काळा थर व्हॉल्व्हवर बसतो.

म्हणजे घाण नाहीशी होत नाही, फक्त जागा बदलते. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आता आपण बोरघाटात जाणार आहोत.

घाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. रेल्वे आली १८६३ मध्ये. चढ इतका की ३७ फूट पुढं गेलं की १ फूट वर. आजही पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्या कर्जतला थांबतात, मागून जादा इंजिनं लागतात, आणि तेवढ्यात आपण वडापाव घेतो. वाफेच्या काळात हाच चढ कोळसा जाळून पार व्हायचा. वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरमधल्या नळ्यांतही काजळी धरायची आणि ती ब्रश घालून काढावी लागायची. काजळी साफ करणं हे काम तेव्हापासूनचं आहे. फक्त आता ते मोटारीच्या बॉनेटखाली आलंय.

त्याच काळात तिकडे मुंबईत गिरण्यांच्या चिमण्या धूर ओकत होत्या. १९१२ साली मुंबईसाठी धुराच्या त्रासाविरुद्ध कायदा झाला. आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरातून गिरण्यांना वीज मिळू लागली. लोणावळा, वळवण, शिरवटा या तलावांचं पाणी पाइपांतून पाचशे मीटरहून जास्त खाली सोडून ती वीज बनते, आणि पुढे ते पाणी पाताळगंगेला मिळतं. गिरण्यांचा धूर कमी व्हायला आपल्या खालापूर तालुक्यानं असा हातभार लावला.

पुढे १९२९-३० च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गावर विजेची इंजिनं धावू लागली. घाटातला धूर गेला. पण गंमत बघा, रेल्वेची ती वीज ठाकुर्लीच्या चोळा पॉवर हाऊसमध्ये कोळसा जाळूनच बनायची. म्हणजे घाटातला धूर ठाकुर्लीला गेला. जागा बदलली!

आता रेल्वेवरून मोटारीकडे येऊ. त्यासाठी थोडं लांब जावं लागेल, अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसला. १९४० च्या दशकात तिथे डोळे चुरचुरणारं, पिकांची पानं जाळणारं पिवळट धुकं पडायचं. १९५० च्या आसपास आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की हे साधं धुकं नाही. गाड्यांतून येणारा नॉक्स आणि अर्धवट जळलेलं इंधन यांच्यावर ऊन पडलं की ओझोन आणि बाकीचे त्रासदायक वायू बनतात. यातूनच पुढे नॉक्सवर मर्यादा आल्या, आणि १९७३ च्या आसपास अमेरिकन गाड्यांत ईजीआर सर्रास दिसू लागला. लोकांना तो आवडला नाही. गाडी दमते म्हणून कित्येकांनी त्याची नळीच बुजवून टाकली. म्हणजे "बंद करून टाकू" ही आयडियाही पन्नास वर्षं जुनी आहे.

भारतात हे उशिरा आलं, आणि तुकड्या-तुकड्यांनी आलं. २००५ मध्ये भारत स्टेज ३ आधी निवडक मोठ्या शहरांत लागू झालं. त्यात मुंबई होती, पुणे होतं. कर्जत-खालापूर या दोघांच्या मध्ये, पण यादीत नाही. २०१० मध्ये भारत स्टेज ४ आलं, तेव्हाही तेच. देशभर स्टेज ४ लागू व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडलं. मधल्या काळात स्टेज ४ च्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० होती, आणि स्टेज ३ च्या डिझेलमध्ये ३५०. म्हणजे घाटाच्या दोन्ही टोकांना नियम वेगळा आणि मधल्या गावांना वेगळा. हवा मात्र तालुक्याची हद्द पाहत नाही.

मग १ एप्रिल २०२० ला स्टेज ५ गाळून थेट स्टेज ६ आलं. डिझेल कारला स्टेज ३ मध्ये दर किलोमीटरला ०.५० ग्रॅम नॉक्स चालायचा, स्टेज ४ मध्ये ०.२५, आणि आता फक्त ०.०८. त्याच आठवड्यात, लॉकडाऊनच्या शांततेत, बोरघाटातला १८३० चा अमृतांजन पूल पाडला. एकाच आठवड्यात घाटातलं एक जुनं पर्व संपलं आणि गाड्यांचं नवं सुरू झालं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे ईजीआर चोक होतो तो घाटामुळे. खरं तर उलट आहे. पूर्ण जोर लावून चढताना इंजिनला ताजी हवा हवी असते, म्हणून व्हॉल्व्ह साधारण बंदच असतो, आणि धूरही चांगला तापलेला असतो. काजळी बसते ती हलक्या जोरावर, रेंगाळत चालताना. म्हणजे शनिवारी सकाळी एक्सप्रेसवेवर लागलेली लांबच लांब रांग. किंवा कर्जत स्टेशन ते चारफाटा असं रोजचं छोटं अंतर, जिथे इंजिन तापायच्या आतच बंद होतं. दोष घाटाचा नाही, घाटातल्या रांगेचा आहे. म्हणून अधूनमधून, रस्ता मोकळा असेल तेव्हा, गाडी नीट तापू द्या आणि वीसेक मिनिटं सलग चालवा. त्यानं जमलेला थर जात नाही, पण नवा हळू जमतो.

जमलेला थर हातानंच काढावा लागतो. ते काम कसं व्हायला हवं, हे माहीत असू द्या, म्हणजे गॅरेजमध्ये उभं राहून बघता येईल. इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. मग व्हॉल्व्हचा कनेक्टर आणि बोल्ट काढून तो बाहेर घ्यायचा. कार्ब क्लीनर फवारून थर मऊ होऊ द्यायचा आणि नायलॉनच्या ब्रशनं किंवा जुन्या टूथब्रशनं घासायचं. स्क्रूड्रायव्हरनं खरवडायचं नाही, कारण बसायची जागा ओरखडली की व्हॉल्व्ह गळतो. मोटरच्या बाजूला क्लीनर जाता कामा नये, आणि आतला दांडा जोर लावून ढकलायचा नाही. इनटेक मॅनिफोल्डचं तोंडही बघायचं, कारण थर तिथेही असतो. बसवताना गॅस्केट नवीन. शेवटी स्कॅनरनं जुना कोड पुसायचा, आणि कंपनीनं सांगितलं असेल तर व्हॉल्व्ह नव्यानं शिकवायचा.

दोन गोष्टी अगदी काळजीच्या. क्लीनर पटकन पेट घेतो, म्हणून विडी-सिगारेट लांब, हातमोजे आणि मास्क लावून, उघड्यावर काम. आणि चालू डिझेल इंजिनात तो फवारायचा नाही, इंजिन बेफाम पळू शकतं. निघालेला काळा चिखल आणि फडकी गटारात टाकू नका. कर्जतचं पाणी उल्हासला जातं, खोपोलीचं पाताळगंगेला. पुढे त्याच नद्यांचं पाणी लोक पितात.

आता त्या दुसऱ्या पर्यायाकडे येऊ. प्लेट मारली तर काय होतं? गाडी हलकी वाटते, काळा धूरही कमी होतो. आणि पीयूसी? आरामात पास! कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराची घनता मोजतात, नॉक्स नाही. नॉक्स डोळ्यांना दिसत नाही आणि मशीनलाही दिसत नाही. म्हणूनच हा मोह इतका मोठा आहे. कायद्याला हे चालत नाही, पण पकडणारं बहुतेक कुणी नसतं.

मोठ्यांनाही हाच मोह झालाय. २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झालं की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं नॉक्स कमी करायचं, रस्त्यावर सोडून द्यायचं. भारतातही पुण्याच्या एआरएआय या संस्थेच्या चाचण्यांनंतर त्या डिसेंबरमध्ये कंपनीनं ३ लाख २३ हजारांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. कंपनीनं जे सॉफ्टवेअरनं केलं, ते आपण पत्र्याच्या तुकड्यानं करतो. फरक फक्त आकड्याचा.

आणि तो नॉक्स जातो कुठे? कर्जत तालुक्यातच माथेरान आहे, जिथे आजही गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. वर हवा जपायची आणि खाली नेरळच्या चढावर प्लेट मारलेल्या गाड्या न्यायच्या, याला अर्थ नाही. खोपोलीच्या शाळेतली मुलं, एक्सप्रेसवेच्या कडेची गावं, टोलवर दिवसभर उभे असणारे कामगार, सगळ्यांच्या वाट्याला तो येतो. व्हॉल्व्हवर बसलेली काजळी निदान काढता येते. हवेत गेलेला नॉक्स परत गोळा करता येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी मेकॅनिक दादा विचारतील, "प्लेट टाकू का?" तर सांगा, "नको. काढून साफ करा, गॅस्केट नवीन टाका, मी थांबतो." साफ करूनही चालला नाही तर व्हॉल्व्ह बदला. खर्च होईल, पण हा खर्च कुणीतरी करतंच. प्रश्न एवढाच की तो तुमच्या खिशातून जाणार, की कुणाच्या तरी छातीतून.

आजच्यापुरतं इतकंच. गाडीवाल्या मित्राला हा एपिसोड पाठवा. भेटू पुढच्या वेळी!