आव्याबाहेरचे शिष्य

गावगाड्याच्या बारा बलुतेदारांत कुंभाराचे स्थान साधारणतः मधल्या ओळीत येते. म्हणजे सुगीच्या वेळी खळ्यावर त्याच्या वाट्याला येणारा दाणा सुतार-लोहारांइतका विपुल नसे, परंतु जो मिळे तो हक्काने मिळे, आणि त्या हक्काच्या मोबदल्यात संक्रांतीची सुगडे, अक्षय तृतीयेचा करा, नवरात्राचा घट, लग्नघरची मडकी आणि स्मशानात खांद्यावरून फुटणारे शेवटचे मडके, हे सारे गावाला पुरविण्याची जबाबदारी त्याच्यावर असे. अशा व्यवस्थेत ही विद्या कोणी शिकावी, हा प्रश्नच उद्भवत नसे. ज्याच्या अंगणात चाक, त्याच्या मुलाने चिखल तुडवीत वाढावे आणि बापाचा हात पाहता पाहता एके दिवशी चाकापुढे बसावे, असा तो क्रम. घरातील स्त्रिया माती आणीत, चाळीत, मडकी रंगवीत, आवा रचू लागत. चाकावर मात्र त्यांनी बसू नये, असा दंडक बहुतेक ठिकाणी पाळला जाई. वतनाच्या तंट्यांचे महजर आणि निवाडे लिहिले जात, कारण तेथे हक्काचा प्रश्न असे. मातीत लीद किती आणि राख किती मिसळावी हे कागदावर उतरविण्याचे कोणासही कारण नव्हते.

आणि ही विद्या दिसते तितकी सोपी नाही. आपल्याकडचे मडके चाकावरून उतरते तेव्हा ते पुरे झालेले नसते. ते जाड असते, आणि थोडे सुकल्यावर आतून गुंड्याचा आधार देऊन बाहेरून थापटण्याने बडवीत बडवीत त्याचे पोट फुगवावे व अंग पातळ करावे लागते. कुठे किती जोराने मारावे हे डोळ्यांपेक्षा कानाला अधिक कळते. तेरच्या गोरोबाकाकांनी संतमेळ्यात थापटणे हाती घेऊन एकेकाच्या मस्तकावर मारून पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरविले, ही आख्यायिका भक्तीच्या अंगाने सर्वांना ठाऊक आहे. तथापि ती ज्याने प्रथम सांगितली त्याने एखाद्या कुंभाराला आव्यातून काढलेली मडकी वाजवून पाहताना निश्चितच पाहिले असले पाहिजे. या कानाची परंपरा किती जुनी असावी याचा अंदाज इनामगावच्या उत्खननावरून येतो. भीमेच्या खोऱ्यात, घोड नदीच्या काठच्या त्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत कुंभाराची भट्टी सापडली आहे, आणि जोर्वे नावाने ओळखली जाणारी, तांबड्या अंगावर काळी रेघ असलेली तिथली भांडी तीन हजारांहून अधिक वर्षांनंतरही टिचकी मारली असता खणखणतात.

मग घराण्याबाहेरच्या माणसाला ही विद्या प्रथम कधी मिळाली? माझे मत असे की, घराण्याचे दार बाहेरच्याने ठोठावल्यामुळे क्वचितच उघडते. ते आतल्याच्या गरजेपोटी उघडते. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नावाच्या कलाशाळेत 1870 च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी मृत्पात्रांची कार्यशाळा उभारली, तेव्हा काचेच्या झिलईचे ज्ञान सिंधमधील कुंभारांकडून घ्यावे लागले, कारण दख्खनचा कुंभार झिलई देतच नसे आणि त्याला तिचे प्रयोजनही नव्हते. पाणी गार ठेवावयाचे तर मडके पाझरलेच पाहिजे. त्या शाळेच्या भांड्यांवर अजिंठ्याची वेलबुट्टी उतरली, ती विलायतेच्या प्रदर्शनांतून मिरवली, आणि पलीकडच्या गल्लीतील कुंभार पूर्ववत माठ घडवीत राहिला.

या बाबतीत जगातील सर्वांत बोलका दाखला जपानचा आहे. हाँगकाँगमध्ये जन्मलेला बर्नार्ड लीच हा इंग्रज तरुण 1909 साली ताम्रपटावरील कोरीव चित्रकला शिकविण्याच्या हेतूने तोक्योस गेला होता. 1911 साली एका मेजवानीत पाहुण्यांना कच्ची भाजलेली भांडी रंगविण्यास देण्यात आली, आणि त्यांच्या देखतच ती झिलईत बुडवून लहानशा भट्टीत घालून थोड्याच वेळात तापून लाल झालेली बाहेर काढण्यात आली. ही राकू पद्धती. त्या क्षणी लीचचा मार्ग बदलला आणि तो गुरू शोधू लागला. मिळाला तो उरानो शिगेकिची, म्हणजे ओगाता केन्झान या अठराव्या शतकातील विख्यात कुंभाराच्या परंपरेतील सहावा केन्झान. परंतु हा सहावा पुरुष मेइजी काळाच्या नव्या बाजारपेठेने बाजूला सारलेला, वृद्ध आणि निर्धन होता. भाषा येत नसलेल्या परदेशी नवशिक्याला त्याने चाकाशी बसविले, तोमिमोतो केन्किची हा मित्र दुभाष्या झाला, आणि काही वर्षांत गुरूने लीचला परंपरेची सनद बहाल केली. केन्झानची परंपरा भरभराटीत असती तर ती सनद त्याला मिळाली असती काय, याची मला शंका आहे.

लीचने 1920 साली कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हज येथे हामादा शोजी या जपानी कुंभारासमवेत भट्टी बांधली. दोघेही सुशिक्षित, दोघेही घराण्याबाहेरचे, आणि त्या मुलुखातील माती व सरपण यांनी त्यांना पुरेसे छळले. पुढे ती भट्टी मोडून नीट उभारण्यासाठी उजी येथील जुन्या कुंभार घराण्यातला मात्सुबायाशी यावा लागला, आणि त्याने तेथील शिकाऊंना आपल्या विद्येवर व्याख्यानेही दिली; पिढ्यान्‌पिढ्या मुखाने व हाताने चालत आलेली गोष्ट त्याने फळ्यापुढे उभे राहून सांगितली, ही घटना मला भट्टीपेक्षा मोठी वाटते. या साऱ्याचे पर्यवसान 1940 साली प्रसिद्ध झालेल्या लीचच्या पुस्तकात झाले. मातीची मिश्रणे, झिलयांची प्रमाणे, भट्टीचे आराखडे उघड छापणारा हा ग्रंथ घेऊन कित्येक देशांतील हौशी लोकांनी घराच्या पडवीत चाके बसविली. पुस्तक वाचून माती मध्यावर येत नाही, हे त्यांतील प्रत्येकाला पहिल्याच दिवशी कळले असेल; परंतु आपली माती का तडकली हे विचारण्यापुरती भाषा त्यांना त्या ग्रंथाने दिली, आणि नवशिक्याची अर्धी अडचण हीच असते.

भारतात या धाग्याचे टोक सरदार गुरुचरण सिंग यांच्या हाती आले. भूगर्भशास्त्राचे हे विद्यार्थी दिल्लीत पठाणी परंपरेतील अब्दुल्ला नामक कारागिराकडून निळी झिलई शिकले, 1919 साली जपानला गेले, तेथे लीच, हामादा आणि जपानी लोककलेचे पुरस्कर्ते यानागी यांच्या सहवासात आले, आणि 1952 साली त्यांनी दिल्ली ब्ल्यू पॉटरी स्थापन केली. पुढे 1971 साली पुदुच्चेरीला रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकन जोडप्याने गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. त्यांतील डेबोरा जपानमधील बिझेन येथे शिकून आल्या होत्या. या दोन ठिकाणांहून बाहेर पडलेल्या शिष्यांची, आणि शिष्यांच्या शिष्यांची, गणना करू लागले तर आजच्या शहरी कुंभारशाळांपैकी बहुसंख्य त्यात येतील. त्यांत चाकावर बसलेल्या स्त्रिया आहेत, आणि त्याबद्दल कोणी दंडक काढीत नाही.

अशाच एक निर्मला पटवर्धन. जर्मनीतील श्टुटगार्टला शिक्षण घेतल्यावर, परदेशी पुस्तकांतील प्रमाणे इथल्या मातीला आणि इथल्या दगडांना लागू पडत नाहीत हे ओळखून त्यांनी भारतात मिळणाऱ्या द्रव्यांवर वर्षानुवर्षे झिलयांचे प्रयोग केले, आणि त्यांची प्रमाणे कुंभारांसाठी लिहिलेल्या हस्तपुस्तकात जाहीर करून टाकली. हे पुस्तक इंग्रजीत आहे. तेरच्या किंवा अन्य कोठल्याही गावच्या कुंभाराच्या मुलाला, ज्याच्या बापाचे बलुते तांब्या-पितळेने, मग ॲल्युमिनियमने आणि अखेरीस गावगाड्याच्या विघटनाने संपविले, ते वाचावयाचे असेल तर आधी इंग्रजी शाळेत जावे लागेल. आणि शाळेत गेलेला मुलगा चाकाकडे परत येतोच असे नाही.